खेळणारा वैतागला? गेम ‘सोपा’ करायला घेण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. नागपूरचा पारा ४४ च्या पुढे, खोलीत कूलर घरघरतोय आणि माझा फोन एका हातातून दुसऱ्या हातात फिरतोय. फोनवर मी वर्षभर रात्री जागून बनवलेला छोटा गेम आहे. विषय आपल्याच मातीतला, तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान पोरांचा सण. एक पोरगं लाकडी बैलाची दोरी धरून नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांतून निघतं, घरोघरी थांबून बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारा खाऊ-पैसा, गोळा करतं, वाटेतले खड्डे आणि अंगावर येणाऱ्या दुचाक्या चुकवतं आणि दिवेलागणीच्या आत बडकस चौक गाठतं.

अकरा वर्षांचा भाचा तिसऱ्या खड्ड्यात पाचव्यांदा पडला आणि फोन गादीवर टाकून म्हणाला, “मामा, हे चीटिंग आहे न!” मावशीने बैल खड्ड्यापर्यंत नेलाच नाही. ती दर दारापुढे थांबून रांगोळी बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “या घरांत कोणी राहत नाही काय रे? कवाची दार वाजवून राहिली मी.” आणि हॉस्टेलपासूनचा माझा मित्र, ज्याचे दिवसरात्र गेम चालू असतात, नऊ मिनिटांत शेवटाला पोचला. “बस? एवढंच बे?”

तिघंही वैतागले होते. त्या रात्री मी खड्डे अरुंद केले, वेळ वाढवली, दुचाक्या कमी केल्या. दुसऱ्या दिवशी भाच्याची तक्रार तशीच होती, मावशीला फरक कळलाच नाही आणि मित्राला गेम आणखी फिका वाटला. आपल्याकडे घरी बसून गेम बनवणारी पोरं आता बरीच आहेत. त्यांनी माझ्यासारखा वेळ वाया घालवू नये म्हणून हे लिहितोय.

‘कठीण आहे’ हे एकच दुखणं समजू नका

खेळणारा “कठीण आहे” म्हणतो तेव्हा त्याच्या पोटात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. बटण दाबूनही बैलाने उडी मारली नाही. काय करायचं तेच समजलं नाही. जमलं, पण तेच तेच पुन्हा करावं लागलं. किंवा त्याला हे करायचंच नव्हतं, दुसरंच काही करायचं होतं. ताप मोजण्याआधी गोळी दिल्यासारखं आपण लगेच शत्रू कमी करतो.

चौथ्या प्रकाराचा विचार फार जुना आहे. रिचर्ड बार्टल या ब्रिटिश रचनाकाराने १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने सुरू केलेल्या एमयूडी या केवळ मजकुरावर चालणाऱ्या बहुखेळाडू गेमवर काम केलं. पुढे १९९६ मध्ये त्याने अशा गेममधल्या खेळाडूंचे चार कल मांडले: काही तरी सर करायला येणारे, धुंडाळायला येणारे, माणसांना भेटायला येणारे आणि दुसऱ्याला हरवायला येणारे. माझी मावशी धुंडाळणारी आहे आणि थोडी माणसांत रमणारीही. तिच्यासाठी बंद दार हाच सगळ्यात मोठा खड्डा होता. मी दारं नुसती चित्रं म्हणून काढली होती.

फक्त हे कल म्हणजे माणसांच्या जाती समजू नका. तोच मित्र रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन आरामात बसला की गल्ल्या धुंडाळतो आणि रात्री ऑफिसातून आला की त्याला फक्त जिंकायचं असतं. चाचणी घेताना “तुला कसे गेम आवडतात?” हे विचारण्यापेक्षा तो आपणहून आधी कुठे वळतो ते बघा. मी आता पहिली पाच मिनिटं तोंडच उघडत नाही. ‘इथे दाब, तिकडे जा’ सांगायचा मोह फार होतो, पण एकदा सांगितलं की ती चाचणी वाया गेली.

अन्यायाची उडी

भाच्याच्या तक्रारीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तिनेच मला सगळ्यात जास्त शिकवलं.

दुसऱ्या फोनवर त्याच्या अंगठ्याचं शूटिंग केलं आणि ते एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे सरकवत पाहिलं. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. पोरगा प्रत्येक वेळी खड्ड्याच्या काठावर उडीचं बटण दाबत होता. पण त्याच्या डोळ्याला जो काठ दिसत होता तो माझ्या कोडातला काठ नव्हता. बैलाचं पुढचं चाक कडेवरून सुटलं की कोडाच्या हिशेबी बैल ‘हवेत’ जायचा आणि हवेत उडी मारता येत नाही. तो तीन-चार फ्रेम उशिरा दाबत होता. त्याच्या मते त्याने बरोबर दाबलं होतं आणि डोळ्याला जे दिसतं त्यावरून त्याचंच खरं होतं.

याचा उपाय जुना आणि सर्वमान्य आहे. जमीन सुटल्यावरही क्षणभर उडी चालू द्यायची. इंग्रजी कार्टूनमधला कोयोटी हा कोल्ह्यासारखा प्राणी कड्यावरून पुढे जाऊनही क्षणभर हवेत चालतो, त्यावरून याला कोयोटी टाइम म्हणतात. २०१८ सालचा सेलेस्टे हा गेम कठीण म्हणून नावाजलेला आहे, पण त्यातही ही सवलत सुमारे ०.१ सेकंदाची आहे. तिचा जुळा भाऊ म्हणजे बटणाची आठवण ठेवणं: बैल जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तर ते वाया जाऊ द्यायचं नाही, टेकताच उडी मारायची. तिसरी गोष्ट धडकेची चौकट, म्हणजे जिला स्पर्श झाला की गेम धडक मानतो ती न दिसणारी चौकट. दुचाकीच्या चित्रापेक्षा तिची चौकट थोडी लहान ठेवा, म्हणजे आरशाला नुसतं चाटून गेलं तरी पोरगं पडणार नाही. उलट बोजाऱ्याच्या नाण्याची चौकट चित्रापेक्षा मोठी ठेवा.

हे तिन्ही बदल केल्यावर मी खड्डे पुन्हा पूर्वीइतकेच रुंद केले. भाचा तरीही पडला, बऱ्याचदा पडला. पण आता पडल्यावर म्हणाला, “अरे यार, लवकर मारली.” आणि फोन हातातच राहिला. हे वाक्य ऐकायला कान टवकारून बसा. खेळणारा स्वतःची चूक स्वतः सांगतो तेव्हा तो पुन्हा खेळणार असतो.

फोनवरच्या गेमची आणखी एक अडचण डेस्कवर बसून कळत नाही. उन्हाळ्यात अंगठा घामेजतो, काचेवर अडखळतो आणि बोट न हलवताही स्पर्श तुटतो. शिवाय अंगठ्याखाली पडद्याचा तेवढा तुकडा झाकला जातो. माझा पहिला खड्डा नेमका उजव्या अंगठ्याखाली यायचा. गेम फोनवरच खेळून बघा, तोही कूलरपासून लांब बसून.

वेळ खाऊ नका

फ्लॅपी बर्ड आठवतो? व्हिएतनामच्या दोंग न्युएनने २०१३ मध्ये आणलेला, फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यानेच स्टोअरवरून काढून घेतलेला. अतिशय निर्दयी गेम, पण मेलं की दुसऱ्या क्षणी पुन्हा सुरू. २०१० च्या सुपर मीट बॉयचंही तेच. माझ्या गेममध्ये बैल पडला की तीन सेकंदांचं रडण्याचं दृश्य, मग आजीचा संवाद, मग गल्लीच्या तोंडापासून चाल. पाच वेळा पडलात की अर्धा खेळ आजीचं बोलणं ऐकण्यात गेला. मी आजीवर जीव लावून काम केलं होतं, तरी तो संवाद पहिल्या वेळेपुरताच ठेवला आणि दाबून पुढे जायची सोय दिली.

आणि जतन. आपल्याकडे फोन वाजतो, दारात दूधवाला येतो, आई हाक मारते. गेम मागे गेला की अँड्रॉइड मेमरी मोकळी करायला तो बंद करू शकतो. त्यामुळे गेम मागे जाताच त्याच क्षणी सगळं जतन करा.

नशिबावर सोडलेला बोजारा

मावशीसाठी दारं उघडली. आता दर घरातून काही तरी मिळतं आणि चारांतल्या एका घरातून बैलासाठी जरीची झूल. मी सरळ २५ टक्के शक्यता टाकली. मावशीने बारा दारं वाजवली, एकही झूल नाही. तिला वाटलं तिचंच काही चुकतंय. हिशेब केला तर बारा वेळा हुकण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या थोडी वर येते. म्हणजे शंभर जण खेळले तर त्यातल्या साधारण तिघांच्या वाट्याला हे येतं आणि ते गेम पुसून टाकतील.

गणित बरोबर असूनही माणसाला फसवल्यासारखं वाटतं, कारण ‘चारांत एक’ ऐकल्यावर तो चार दारं मोजतो. मी चिठ्ठ्यांची पद्धत घेतली. चार चिठ्ठ्या, एकीवर झूल, ढवळून एकेक काढायची, संपल्या की पुन्हा चार. यात सलग जास्तीत जास्त सहा घरं रिकामी जाऊ शकतात, सातव्याला झूल मिळतेच. आजच्या टेट्रिसमध्येही सातही ठोकळे असेच पिशवीत ढवळून दिले जातात, म्हणून लांब ठोकळ्याची वाट अनंत लांबत नाही. फायर एम्ब्लेम मालिकेने २००२ पासून बऱ्याच भागांत आणखी पुढची युक्ती केली: नशिबाने शंभरातले कोणतेही दोन आकडे काढून त्यांची सरासरी घ्यायची, ती दिसणाऱ्या टक्क्यांच्या खाली आली की वार लागतो. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसणारा वार प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के वेळा लागतो.

सोपं की कठीण, हे पहिल्याच पानावर विचारू नका

अजून एकही उडी न मारलेल्या माणसाला ‘सोपं, मध्यम, कठीण’ विचारलं तर तो काय सांगणार? माझ्या वडिलांनी ‘सोपं’ दाबताना आजूबाजूला पाहिलं. ते मला लागलं. मी ती निवड तिथून काढली आणि हव्या त्या क्षणी वेग कमी करता येईल, पडणं बंद करता येईल अशी सोय सेटिंगमध्ये ठेवली. सेलेस्टेत असंच आहे. हेडीस या गेममध्ये गॉड मोड ही सवलत लावली की मार २० टक्के कमी बसतो आणि दर मरणागणिक आणखी २ टक्के, असं ८० पर्यंत. हरणाऱ्याला पुढे नेण्याची ही पद्धत मला फार माणुसकीची वाटते.

पण प्रत्येक त्रास काढून टाकायचा नसतो. २०१९ च्या सेकिरोत अशी निवडच नाही, तो गेम त्या कसोटीवरच उभा आहे. २०१७ च्या झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये शस्त्रं मोडतात. कित्येकांना ते अजिबात सहन होत नाही, तर कित्येक म्हणतात की त्यामुळेच ते दर वेळी नवं काही करून पाहतात. २०२३ च्या पुढच्या भागातही निर्मात्यांनी मोडणं कायम ठेवलं आणि वस्तू जोडून नवं शस्त्र करायची सोय दिली. तुमच्या गेममधला कोणता त्रास तुम्हाला हवाच आहे, ते कागदावर लिहून ठेवा. माझ्या कागदावर खड्डे आहेत. आजीचा संवाद त्यात नव्हता.

मराठी नीट दिसू द्या

वडिलांची दुसरी तक्रार होती, “हे काय लिहिलंय?” मी आधी वापरत होतो त्या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर यायची, जोडाक्षरं पाय मोडून पडायची. गोडो ४ हे मोफत इंजिन २०२३ पासून देवनागरीची जुळणी नीट करतं. तरी ओळींतलं अंतर वाढवा, नाही तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. अक्षर इंग्रजीपेक्षा मोठं ठेवा. आणि लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे सुरक्षित, एवढ्यावरच भिस्त ठेवू नका. हे दोन रंग वेगळे न दिसणारी माणसं आपल्या ओळखीतच असतात. रंगाबरोबर आकारही बदला.

घड्याळाचं काय?

शेवटी उरलं घड्याळ. दिवेलागणीची वेळ कमी केली की मित्र खूश, मावशी हैराण. वाढवली की उलट. दोघांच्या मधला आकडा काढला तर दोघंही नाराज. मग गल्लीच्या तोंडाशी खुंटीवर एक घंटा टांगली. बैलाच्या गळ्यात ती बांधली की शर्यत सुरू, नाही बांधली तर दिवस मावळतच नाही. मित्र दुसऱ्या सेकंदाला घंटा बांधतो आणि आता दहा वेळा हरतो. मावशीने ती अजून बांधलेली नाही. काल तिला चितार ओळीतलं मूर्तिकाराचं घर सापडलं.

भाच्याला मात्र घंटा दिसलीच नाही, त्याला ती सजावट वाटली. ती आता मोठी काढतोय, वाऱ्यावर किंचित हलती. पोळ्याच्या आधी फोन पुन्हा त्याच्या हातात देईन आणि पाच मिनिटं गप्प बसेन.