जुना कॅसिओ बंद पडलाय? भंगारात द्यायच्या आधी हे करून बघा

८०-९० च्या काळातले छोटे कीबोर्ड अजून बऱ्याच घरांत माळ्यावर पडलेले असतात, कुणीतरी गल्फमधून आणलेले, मुलं चार दिवस वाजवून कंटाळलेली. चालू होत नाही म्हणून लोक ते भंगारवाल्याला देतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांची आतली चिप ठणठणीत असते, बिघाड असतो तो करंट आत येतो त्या वाटेवर किंवा पट्ट्यांखालच्या रबरात. म्हणून बाहेरून आत जायचं आणि सोल्डरिंग आयर्न सगळ्यात शेवटी हातात घ्यायचं.

उदाहरणाला कॅसिओचा एसके-१ घेऊ. १९८६ चा, ३२ छोट्या पट्ट्यांचा, ज्याच्यात माइकवर कुत्र्याचं भुंकणं रेकॉर्ड करून त्यावर सारेगम वाजवता यायचं तोच.

आधी पॉवर, आणि इथे घाई नको

घरात सापडेल तो अडॅप्टर खुपसायचा नाही. जुन्या कॅसिओला बहुतेक वेळा मधली पिन मायनस लागते आणि यामाहाला मधली पिन प्लस, म्हणजे पिन फिट बसली तरी उलटा करंट जाऊन बोर्ड कायमचा जाऊ शकतो. जॅकच्या शेजारी किंवा खालच्या स्टिकरवर छोटं चित्र असतं, मधला ठिपका कुठल्या खुणेला जोडलाय ते बघा, व्होल्टेज बघा (एसके-१ ला ७.५ व्होल्ट), आणि अडॅप्टरच्या पिनवर मल्टीमीटर लावून स्वतः खात्री करा, छापलंय त्यावर जाऊ नका. जुने ट्रान्सफॉर्मरवाले एलिमिनेटर (म्हणजे जड जुने अडॅप्टर) लोड नसताना, म्हणजे पुढे काही जोडलेलं नसताना, ९ च्या जागी १२-१३ व्होल्टसुद्धा दाखवतात, एवढ्या जुन्या मशीनला मी ते लावणार नाही. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, कमी नकोत.

सगळ्यात सेफ म्हणजे नवे सेल टाकून बघणं. एसके-१ ला पाच पेन्सिल सेल लागतात. रिचार्जेबल टाकलेत तर प्रत्येकी १.२ प्रमाणे सहाच व्होल्ट होतात, मग मशीन चालू होऊनही येड्यासारखं वागलं तर दोष मशीनचा नसतो.

सेलच्या कप्प्यात हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर सेल आत राहून फुटलेत. अल्कलाइन सेल असतील तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबू, साधे स्वस्तातले जस्त-कार्बनवाले असतील तर पाण्यात कालवलेला खायचा सोडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने म्हणजे आयपीएने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. हातात ग्लोव्ह्ज घाला. पत्र्याची क्लिप चकाचक झाली तरी तिला जोडलेली वायर तपासा, ते रसायन वायरच्या आतून वर चढतं आणि तांबं काळं पडतं, असली वायर बदलायचीच.

लाइट लागते पण आवाज नाही? हेडफोनच्या जॅकमध्ये एक पिन दहा-बारा वेळा आतबाहेर करा. त्या जॅकच्या आत स्पीकर बंद करणारा स्विच असतो, तो गंजला की मशीनला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. कोकणात दोनचार पावसाळे काढलेल्या मशीनला तर हे पहिलं करून बघा.

उघडताना

सेल काढा, अडॅप्टर काढा. वायर थेट २३० व्होल्टच्या प्लगला जाणारं मोठं मॉडेल असेल, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आतच, तर अनुभव नसताना ते उघडू नका. बाकी छोट्यांमध्ये शॉकची भीती नाही. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरच्या प्लास्टिकमधून बाहेर येतो, म्हणून पुठ्ठ्यावर मशीनचं चित्र काढून त्या-त्या जागी स्क्रू टोचून ठेवायचे. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. दोन भाग वेगळे करताना हिसका नको, मध्ये स्पीकरच्या वायरी आणि रिबन, म्हणजे बारीक वायरींची चपटी पट्टी, असते, आणि जुनी रिबन दोनदा वाकली की तुटते.

मुक्या पट्ट्या

खरं काम इथे आहे. प्रत्येक पट्टीखाली रबराची टोपी, तिच्या पोटात काळा कार्बनचा ठिपका, पट्टी दाबली की तो ठिपका बोर्डवरच्या दोन ट्रॅकना, म्हणजे करंट वाहून नेणाऱ्या छापील रेघांना, जोडतो, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतं अगदी तेच. मध्ये धूळ, तेलकट थर किंवा मुंग्यांचं घर आलं की सूर गेला.

आधी कुठल्या पट्ट्या गेल्यात ते कागदावर लिहा. इकडे-तिकडे एखादी, समजा नेमकी काळी चार, तर ती घाण. पण दर आठवी पट्टी बंद किंवा सलग सहा-आठचा गठ्ठा बंद असेल तर रबर पुसून काही होणार नाही, कारण पट्ट्या ओळी-रांगांच्या जाळ्याने जोडलेल्या असतात आणि त्यातली एक अख्खी ओळ तुटलेली असते. रिबनची टोकं, तुटलेला ट्रॅक, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग), या क्रमाने मल्टीमीटर बीपवर, म्हणजे जोड सलग असला की वाजतो त्या सेटिंगवर, ठेवून शोधा. टचवाल्या मॉडेलमध्ये एका पट्टीखाली दोन ठिपके असतात आणि दोन्ही लागण्यातल्या वेळेवरून जोर मोजला जातो, म्हणून एखादी पट्टी हळू दाबूनही कानात ओरडत असेल तर तीही बहुधा घाणच.

रबराची पट्टी हळूच उचला. बोर्डवरचे काळे ट्रॅक आयपीएत जेमतेम ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने पुसा, रबराचे ठिपके धागे न सुटणाऱ्या कापडाने, तेही घासायचं नाही, टेकवल्यासारखं. पॉलिश पेपर, टूथपेस्ट, पेट्रोल यातलं काहीही नको, कार्बनचा थर पातळ असतो आणि एकदा निघाला की गेला. ठिपक्यावर चांदीचा कागद चिकटवायचा जुगाड बरेच जण सांगतात, मला तो आवडत नाही, काही दिवसांनी कागद सुटून भलत्याच ट्रॅकवर जाऊन बसतो.

पुसूनही जमलं नाही तर एक युक्ती आहे. सगळे मधल्या सप्तकातच वाजवतात, खर्जातलं रबर जवळपास नवं असतं, तुकड्यांची मापं जुळत असतील तर दोघांची अदलाबदल करून टाका. परत बसवताना रबराची शेपटं बोर्डच्या भोकात टूथपिकच्या बोथट टोकाने ढकला, सुईने नाही.

खरखर आणि सोल्डर

व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर होत असेल तर त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारून वीस-तीस वेळा फिरवा. गंजलेल्या बोल्टवर मारतात तो स्प्रे इथे वापरायचा नाही, त्याचं तेल आत राहून धूळ धरतं.

अडॅप्टरची पिन हलवल्यावर मशीन बंद-चालू होत असेल तर जॅकचा टाका, म्हणजे बोर्डवरचा सोल्डरचा जोड, सुटलाय. भिंगातून बघितलं तर पायाभोवती बारीक गोल चीर दिसते. २५ वॅटचं आयर्न, जरासा फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात ती पेस्ट), जुनं सोल्डर ओढायच्या पंपाने काढून नवं भरायचं, दोन-तीन सेकंदांच्या वर आयर्न टेकवून ठेवलं तर ट्रॅक उचलला जातो. आवाज एकदम बारीक किंवा हम्म येत असेल तर अ‍ॅम्पच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या भागाच्या, जवळचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (छोट्या डब्यांसारखे गोल भाग) बदला, मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि कपॅसिटरवरची मायनसची रेघ आधी होती त्याच बाजूला. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतं.

एवढं करून आणि बोर्डला बरोबर व्होल्टेज पोचत असूनही मशीन गप्पच असेल तर मुख्य चिप गेली असं धरा. ती कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेली असते, दुकानात मिळत नाही, दुसरं त्याच मॉडेलचं भंगार मशीन मिळालं तरच.

बंद करताना सगळे स्क्रू लावायच्या आधी चारच लावा, सेल टाका आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी एकदा हळू एकदा जोरात वाजवा. मगच बाकीचे लावा. आणि महिनाभर वाजवणार नसाल तर सेल काढून ठेवा.