उन्हाळा लागायच्या आधी मोटरीचे व्होल्ट-अँपिअर मोजून घ्या भाऊ

मार्च संपत आला की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, कुठंही जा एकच बोंब, मोटर जळाली. संत्र्याच्या आंबिया बहाराची बारकी फळं झाडावर, पारा चढून राहिला अन नेमकं तेव्हाच आठ दिवस पाणी बंद, मग जी गळ होते ती फवारणीनं थांबत नाही. रिवाइंडिंगवाल्याकडं तेव्हा मोटरींची रांग असते हे वेगळंच.

म्हणून या आठवड्यात वायरमनला क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून अँपिअर मोजायचं मीटर) घेऊन शेतावर बोलवा. स्वतः स्टार्टर उघडून बसू नका, तिथं ४१५ व्होल्ट असतात अन आपले पाय ओल्या मातीत. रोजचेच वॉल्व्ह चालू ठेवून तिन्ही फेजचे अँपिअर घ्या, तिन्ही फेजमधलं व्होल्टेज घ्या, अन तारीख टाकून स्टार्टरच्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवा. तिन्ही आकडे जवळपास सारखे पाह्यजेत, एक फेज लंगडा दिसला तर आधी तो पाहा, बाकी हिशेब नंतर.

आता हिशेब. थ्री फेजला पॉवर म्हणजे १.७३ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी किती खरंच कामाला येतो त्याचा आकडा). पाच एचपीची मोटर, ४१५ व्होल्ट, ८ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर साधारण ४,९०० वॅट, म्हणजे तासाला ४.९ युनिट. पाच एचपी म्हणजे खरं तर ३,७३० वॅट, वरचे गेले मोटरच्या आतच, उष्णता होऊन. एवढं चालतं. पण त्याच मोटरचे अँपिअर नेमप्लेटवर (मोटरच्या पाटीवर) लिहिल्यापेक्षा जास्त दिसून राहिले तर कुठंतरी गडबड आहे.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रेझिस्टन्स, हे शाळेत झालंय सगळ्यांचं, अन गीझरच्या कॉइलला ते बरोबर लागू पडतं. २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर, म्हणजे २६ ओम, २,००० वॅट. व्होल्टेज १९० वर आलं तर करंटही सव्वासातच्या आसपास उतरतो, पाणी उशिरा तापते, बास. मोटरचं उलट आहे. तिला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर फेकायचंय, त्यामुळं व्होल्टेज ४१५ चं ३५० झालं की ती ८ ऐवजी साडेनऊ अँपिअर ओढते. अन वाइंडिंगमधली (मोटरच्या आतल्या तांब्याच्या गुंडाळीतली) उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे ४० टक्के जास्त. चालू मोटरच्या व्होल्ट-अँपिअरवरून वाइंडिंगचे ओम काढायला जाऊ नका, तो आकडा खोटा येतो, कारण फिरती मोटर आतून उलटं व्होल्टेज तयार करते अन करंट अडवून धरते. वाळूनं जाम झालेली मोटर म्हणूनच लगेच जळते, फिरलीच नाही तर अडवणार कोण. वाइंडिंगचे ओम मेन बंद करून मीटरनंच घ्यायचे, तिन्ही जोड्या सारख्या यायला पाह्यजेत.

दुसरा चोर म्हणजे केबल. विहीर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) ३०० मीटर लांब अन टाकलीय २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, तर एका तारेचा रेझिस्टन्स सव्वादोन ओमच्या जवळ जातो. ८ अँपिअरला जवळपास ३१ व्होल्ट वाटेतच गळतात, अन तिन्ही तारा मिळून सव्वाचारशे वॅट नुसती केबल तापवण्यात. तीच ४ स्क्वेअरची असती तर गळती १९ व्होल्टवर आली असती. वरून आपल्याकडचं ऊन, २० डिग्रीची तार ६० पर्यंत गेली की तांब्याचा रेझिस्टन्स १५-१६ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळं केबल उघड्यावर ठेवू नका, पाइपात घालून गाडा. ॲल्युमिनियमची असेल तर तेवढ्याच कामाला एक-दोन साइज जाड लागते. आता लोक म्हणतात २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे, वाया गेले युनिट तर आपलं काय जाते. बिल माफ झालं राजा, वाइंडिंग माफ नाही झालं.

अन ते जोड! पावसाळ्यात हातानं पिळून काळी टेप मारलेला जोड बिघडला अन त्यात अर्धा ओम जरी आला, तरी ८ अँपिअरला ३२ वॅट एका बोटभर जागेत, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच तिथं चालू ठेवल्यासारखं. मेन बंद करून पाहा, टेप वितळलेली, स्क्रू काळा पडलेला, तार कडक झालेली दिसली की तेवढा तुकडा कापून नवीन लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून क्रिम्प करून घ्या.

स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा भाग, नेमप्लेटच्या अँपिअरवरच ठेवा. सारखा ट्रिप होते म्हणून स्क्रू शेवटपर्यंत फिरवून ठेवणारे गावोगाव आहेत, मग तो मोटर वाचवतच नाही. ऑटो स्विच (लाइट आली की आपोआप मोटर सुरू करणारा) असेल तर त्यात टायमर टाकून शेजाऱ्यापेक्षा मिनिट-दोन मिनिट मागंपुढं ठेवा. ६३ केव्हीएची डीपी ८४ अँपिअरच देते, म्हणजे पाच एचपीच्या दहाएक मोटरी, अन सुरू होताना प्रत्येक मोटर पाच-सहा पट करंट ओढते, लाइट आली की सगळ्या एकदम उठल्या तर व्होल्टेज सगळ्यांचंच बसते.