बैलाची टायरगाडी ट्रॅक्टरला जोडायची तर ती जरा धुरजडच हवी

उसाचा हंगाम तोंडावर आला की आमच्या निपाणी-संकेश्वर पट्ट्यात वेल्डिंगच्या दुकानांपुढं टायरगाड्या येऊन थांबतात. गिऱ्हाईक कन्नड बोलणारं असो की मराठी, मागणी एकच: "बैल विकले, जू काढा, एक पाइप मारा, ट्रॅक्टरला अडकवतो." नुसता पाइप मारून मी गाडी देत नाही. गिऱ्हाईक चिडून शेजारच्या दुकानात गेलं तरी चालेल. यात खरं काम वजनाचं आहे, पाइप नंतर.

बैलगाडी बनवणारा ॲक्सल साट्याच्या, म्हणजे माल भरायच्या चौकटीच्या, जवळजवळ मध्यावर ठेवतो. गाडी उलाळ, म्हणजे मागं जड, झाली तर जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. धुरजड, म्हणजे पुढं जड, झाली तर मानेला सूज येते. म्हणून तिथं वजन तोलून धरायचं असतं. ट्रॅक्टरचं गणित वेगळं. त्याच्या हुकावर थोडा भार खाली दाबलेला पाहिजे. उलाळ गाडी हूक वर ओढते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन घसरतात आणि रस्त्यावर गाडी शेपटी हलवल्यासारखी वळवळते. याउलट भार फार झाला तर चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग नुसतं फिरत राहतं. भरलेल्या गाडीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर आला की काम बरोबर.

हिशेब सोपा आहे. हुकापासून ॲक्सलपर्यंत दहा फूट अंतर असेल, तर भरलेल्या मालाच्या वजनाचा मध्य ॲक्सलच्या एक फूट पुढं पाहिजे. बारा फूट असेल तर सव्वा फूट धरा. माल सारखा भरला तर वजनाचा मध्य साट्याच्या मध्यावर येतो, म्हणजे ॲक्सल तेवढा मागं सरकवायचा. तो वेल्डिंगनं कायमचा चिकटवू नका, यू-बोल्टनं आवळा. पहिली खेप भरली की खरं वजन बघून सरकवता येतो.

खरं वजन बघायला कारखान्याच्या किंवा गावच्या काट्यावर जा. आधी ट्रॅक्टर जोडलेला ठेवून गाडीची दोनच चाकं काट्यावर घ्या आणि आकडा लिहा. मग चाकांना पुढं-मागं दगड लावा, गाडी सोडवा, हुकाला जोडायच्या दांड्याखाली जॅक देऊन अख्खी गाडी काट्यावर बसवा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. तीन टनाच्या गाडीला तो तीनशे किलोच्या आसपास यावा.

आता दांडा. मधोमध एकच पाइप लावला तर वळणावर सगळा पीळ त्याच्या बुडाशी येतो आणि वेल्डच्या कडेला चीर पडते. दांडा जितका लांब तितका बुडावरचा ताण जास्त, हे विसरून लोक वळायला सोपं म्हणून तो लांबवतात. साट्याच्या दोन्ही बाजूंच्या मुख्य चॅनलपासून निघून पुढं एकत्र येणारे दोन सी-चॅनल घ्या, इंग्रजी ए अक्षरासारखे, मध्ये एक आडवी पट्टी. हे चॅनल साट्याखाली थेट ॲक्सलपर्यंत मागं न्या, नुसते पुढच्या आडव्या पट्टीला चिकटवू नका. चॅनलच्या खालच्या पाखीवर (आडव्या कडेवर) आडवा वेल्ड मारू नका, भेग तिथूनच सुरू होते. वेल्ड लांबीच्या दिशेनं घ्या.

उंचीचा घोटाळा हमखास होतो. जू बैलाच्या खांद्याला असतं, ट्रॅक्टरचा हूक गुडघ्याच्या आसपास. जुना दांडा तसाच जोडला तर गाडी नाकावर पडते आणि ऊस पुढं सरकतो. दांड्याच्या टोकाला जाड उभी प्लेट लावा, तिला वरखाली भोकं पाडा आणि हुकात अडकणारी रिंग तिच्यावर बोल्टनं बसवा. गाडी भरून सपाट जागेवर उभी केल्यावर साटा सपाट दिसेल त्या भोकात रिंग आवळा. रिंग झिजून लांबट झाली की तेवढीच बदलता येते, हाही फायदा. रिंग हुकात धरणारी पिन ईएन-८ पोलादाच्या गोल बारची, वरून घालायची, खाली ती निसटू न देणारी लिंच पिन हवीच. सळईचा तुकडा चालणार नाही. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून ट्रॅक्टरला बांधा. वळता येईल एवढ्या सैल, पण पिन निसटली तर दांडा रस्त्यावर टेकणार नाही एवढ्या आखूड.

एका गोष्टीवर मी गिऱ्हाइकाशी भांडतो. गाडी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडायची. टॉप लिंकच्या, म्हणजे मागच्या वरच्या जोडाच्या, ब्रॅकेटला कधीच नाही. ओढ मागच्या ॲक्सलच्या वरून लागली तर चढाला ट्रॅक्टर मागं उलटतो आणि ड्रायव्हरला उडी मारायला वेळ मिळत नाही.

एकामागं दुसरी गाडी जोडणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. दुसरीच्या दांड्याचा भार पहिलीच्या शेपटावर बसतो आणि पहिलीला उलाळ करतो. समजा पहिलीचा मागचा हूक तिच्या ॲक्सलपासून पाच फूट मागं आहे आणि पुढचा हूक दहा फूट पुढं. दुसरीनं तीनशे किलो दाबलं, तर ट्रॅक्टरच्या हुकावरचे दीडशे किलो उडाले. म्हणून पहिलीचा ॲक्सल आणखी मागं घ्या आणि मागचा हूक ॲक्सलच्या जितका जवळ बसेल तितका बसवा. तो लटकत्या पट्टीवर नको, मुख्य चॅनलवरच.

कायद्याचं थोडक्यात. बैलगाडीला नंबर लागत नाही, पण ट्रॅक्टर ओढायला लागला की मोटार वाहन कायद्यानं ती ट्रेलर ठरते आणि तिची नोंदणी लागते. चिकोडी किंवा बेळगावच्या आरटीओत आधी विचारा आणि मगच लोखंड कापा. नोंदणी नसेल तर गाडी शेतापुरतीच.

या गाड्यांना ब्रेक नसतो. तवंदी घाटासारखा उतार लागला तर माथ्यावरच खालचा गिअर टाका, ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीनं एकत्र करा आणि उतारभर क्लच दाबू नका. चाकाच्या हबचे बेअरिंग बैलाच्या चालीचे असतात. पहिल्या खेपेला दोन-तीन मैलांवर थांबून हब हातानं चाचपा. हात ठेववत नसेल तर ग्रीस कमी आहे किंवा नट जास्त आवळलाय. मागचा लाल दिवा उसाच्या शेंड्यांआड जातो, म्हणून तो साट्याच्या खालच्या पट्टीला लावा आणि रिफ्लेक्टरची टेप दोन्ही बाजूंनाही चिकटवा.