कमांडचा ऑप्शन नेमका शोधायचा कुठे

कुणी दिलेली कमांड लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये कॉपी-पेस्ट करून थेट एंटर मारू नका, प्लीज. समजा मिळालीय आरसिंक (फाइल्स एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करणारी कमांड), पुढे -एव्हीझेड आणि --डिलीट. यातलं -एव्हीझेड हा एक शब्द नाहीये, एका डॅशमागे तीन वेगळे ऑप्शन चिकटवलेत, ए म्हणजे आर्काइव्ह (फोल्डर आतल्या सगळ्यासकट, तारखा-परवानग्या जपून कॉपी कर), व्ही म्हणजे काय चाललंय ते दाखव, झेड म्हणजे पाठवताना कॉम्प्रेस कर. दोन डॅशवालं मात्र सलग एकच नाव असतं. आणि हे --डिलीट सोर्समध्ये नसलेल्या फाइल्स डेस्टिनेशनमधून उडवतं, म्हणजे फोल्डर उलटे लिहिले तर डेटा गेलाच! म्हणून आधी -एन लावून चालवा, काय होणार ते नुसतं दाखवतं, करत काही नाही.

पण हा -एन आरसिंकचा हं. ग्रेपमध्ये (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) -एन म्हणजे लाइन नंबर, हेडमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या ओळी दाखवणारी) किती ओळी पाहिजेत ते. अक्षर तेच, अर्थ दरवेळी वेगळा, त्यामुळे अंदाजाने काही लावू नका. स्मॉल-कॅपिटलही बघा, ग्रेपचा स्मॉल व्ही न जुळणाऱ्या ओळी देतो आणि कॅपिटल व्ही व्हर्जन.

शोधायचं कसं? मॅन ग्रेप टाइप करा (मॅन म्हणजे मॅन्युअल, कमांडच्या माहितीचं पान), पान उघडलं की स्लॅश दाबून -व्ही शोधा. ढीगभर जागा सापडतात, --व्हर्जनमध्येसुद्धा -व्ही आहेच ना. मग स्लॅशनंतर कॅरेट, स्पेस, स्टार आणि त्याला लागून -व्ही असं टाका, म्हणजे फक्त ओळीच्या सुरुवातीचे सापडतात आणि माहिती बहुतेक तिथेच असते. पुढच्यासाठी एन, बाहेर पडायला क्यू.

पानाच्या वरचा सिनॉप्सिस, म्हणजे कमांड कशी लिहायची त्याचा छोटा नमुना, लोक सोडून देतात, मला तर तोच सगळ्यात कामाचा वाटतो. चौकोनी कंसातलं दिलं नाही तरी चालतं, उभी रेघ म्हणजे दोन्हीपैकी एकच, तीन टिंबं म्हणजे एकापेक्षा जास्त देता येतात.

घाईत असाल तर कमांडपुढे --हेल्प लिहिलं तरी पुरतं. -एच म्हणजे हेल्पच असेल यावर विसंबू नका, एलएसमध्ये (फाइल्सची यादी देणारी कमांड) -एल (सविस्तर यादी) सोबत तो फाइलचा साइज वाचता येईल असा दाखवतो. सीडी (फोल्डर बदलणारी) बॅशच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांडी चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आतलीच कमांड आहे, तिच्यासाठी हेल्प सीडी टाइप करा.

आणि पान आपल्याच मशीनवरचं वाचा. मॅकवरच्या सेडला (मजकूर बदलणारी कमांड) -आय (फाइलमध्येच बदल कर) नंतर बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, रिकामं का होईना, लिनक्सवर सहसा ते नसलं तरी चालतं.