आर्ट ब्लेकीचा ‘मोनिन’ नीट ऐकायचा असेल तर

हार्ड बॉप, म्हणजे ब्लूज आणि चर्चच्या गाण्यांकडे झुकलेला जॅझ, कुठून सुरू करू असं कोणी विचारलं की मी ड्रमर आर्ट ब्लेकीच्या बँडचा, आर्ट ब्लेकी अँड द जॅझ मेसेंजर्सचा, ‘मोनिन’ हा अल्बम सांगते, आणि तोसुद्धा लगेच अख्खा नको, आधी फक्त टायटल ट्रॅक, साडेनऊ मिनिटांचा. हेडफोन लावाच, मोबाईलच्या स्पीकरवर जिमी मेरिटचा बेस जवळपास गायब होतो.

पहिल्यांदा ऐकताना नुसती धून पकडा. बॉबी टिमन्स पियानोवर एक ओळ टाकतो आणि बाकीचे दोनच सुरांत उत्तर देतात, पोवाड्यात झीलकरी झील धरतात ना तसं. हे सगळं चर्चमधून आलंय, ते दोन सूर म्हणजे ‘आमेन’च. आठ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) झाले की उलटं, आता ट्रंपेट-सॅक्स सवाल करतात. टिमन्सकडे आधी एवढीच ओळ होती, दोन गाण्यांच्या मधे सहज वाजवायचा, सॅक्सवाला बेनी गोल्सन मागे लागला की याला ब्रिज, म्हणजे मधला वेगळा भाग, लिही, म्हणून पूर्ण गाणं झालं.

दुसऱ्यांदा सोलोंचे, म्हणजे एकेकाच्या एकट्याच्या वाजवण्याचे, सांधे ऐका. ली मॉर्गन तेव्हा जेमतेम २० वर्षांचा, ट्रंपेट कसला बेधडक वाजवतो, पण खरी गंमत तो थांबतो तिथे आहे कारण गोल्सन त्याचीच शेवटची ओळ उचलून स्वतःचा सोलो सुरू करतो. एकमेकांचं इतकं कान देऊन ऐकणं, मला तर हा अख्ख्या अल्बममधला सगळ्यात भारी क्षण वाटतो.

तिसऱ्यांदा फक्त ड्रम्स. ३२ बारचं एक आवर्तन मोजत राहा, ते संपत आलं की ब्लेकीचा रोल, म्हणजे सलग झपाझप ठोके, गडगडत वर चढतो आणि वाजवणाऱ्याला अक्षरशः पुढच्या आवर्तनात ढकलतो.

ब्लेकी पिट्सबर्गचा, बाकी चौघंही फिलाडेल्फियाचे, त्यामुळे त्या चौघांची वाजवण्याची बोली आधीपासूनच एक. रेकॉर्डिंग ३० ऑक्टोबर १९५८ चं, न्यू जर्सीत हॅकेनसॅकला, रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरातल्या हॉलमध्ये.

मग बाकीचा अल्बम लावा, सहापैकी चार गाणी गोल्सनची आहेत. ‘ब्लूज मार्च’ आधी, ‘अलाँग केम बेटी’ रात्री शांतपणे. सीडीवर टायटल ट्रॅकचा दुसरा टेकही, म्हणजे त्याच गाण्याचं दुसऱ्यांदा केलेलं रेकॉर्डिंग, मिळतो, तो मात्र पहिला पाठ झाल्यावरच ऐका म्हणजे सोलो किती बदललेत ते कळेल.