नागपुरातलं पश्चिमेचं अंगण

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि आमचं अंगण नेमकं पश्चिमेला. दुपारी तीननंतर तिथे बसणं अशक्य. ठेकेदार पत्र्याची शेड सुचवत होता, पण तापलेल्या पत्र्याखाली कोण बसणार?

खरा त्रास कलत्या उन्हाचा होता. बाराचं ऊन छप्पर अडवतं, पाचचं ऊन मात्र आडवं, थेट छपराखालून आत शिरतं. म्हणून आधी पश्चिमेला लोखंडी चौकट उभी करून तारा ओढल्या आणि मधुमालती चढवली. वेल भरेपर्यंत बांबूच्या चटया लावल्या. वर ७५ टक्के सावलीचं शेडनेट, म्हणजे उन्हाची विणलेली जाळी, टाकलं. त्यातून गरम हवा वर निघून जाते. ते हुकांवर अडकवलंय, वादळाची चिन्हं दिसली की चटकन उतरवता येतं.

सगळ्यात जास्त पैसा जमिनीखाली गेला आणि तो सार्थकी लागला. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेली फरशी उचकटणारच. दीड फूट माती काढून मुरूम भरला, थराथराने पाणी मारून धुम्मस केलं, म्हणजे ठोकून घट्ट दाबला. फरशी फिकट रंगाची, खडबडीत घेतली. घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना दीड इंच उतार दिला, त्यामुळे पाणी भिंतीशी साचत नाही.

आता संध्याकाळचा चहा आम्ही बाहेरच घेतो. खिडकीतल्या कूलरची हवा ओढणारी बाजू मात्र आत वळवू नका, बाहेरच ठेवा; त्याला ताजी हवा लागते.