गॅरेजमधली ट्यूबलाइट: या चुका टाळा

हॉलमध्ये नवी एलईडी बसली की तिथून उतरवलेली जुनी पट्टी बंगल्याच्या गॅरेजमध्ये जाते. वायरमन आलेलाच असतो, तो ती छताच्या मधोमध ठोकून देतो आणि पुढची कित्येक वर्षं घरातले "गॅरेजची ट्यूब बदलायला झालीय" म्हणत राहतात. ट्यूब बदलतातही, पण अंधार, लुकलुक, एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारं बटण) पडणं हे चालूच राहतं. कारण बहुतेक वेळा दोष ट्यूबचा नसतोच. ती लावली कुठे आणि तिच्यापर्यंत वायर आणली कशी, गडबड तिथे असते.

मधोमध एकच पट्टी

गाडी आत आली की मधल्या ट्यूबचा उजेड पडतो गाडीच्या टपावर. दारं, चाकं, भिंतीलगतचं सामान सगळं अंधारात. बॉनेटची बिजागरी काचेकडच्या बाजूला असते, त्यामुळे ते उघडलं की मागून येणारा उजेड तेच अडवतं आणि नेमकं इंजिनावर काळोख. त्यापेक्षा चार फुटी दोन पट्ट्या गाडीच्या लांबीला समांतर, गाडी आणि भिंत यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावा. कामाचं टेबल असेल तर तिसरी त्याच्या वर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या थोडी पुढे. ती डोक्यामागे गेली तर आपलीच सावली हातावर पडते.

किती ट्यूब लागतील? नऊ बाय अठरा फुटांचं गॅरेज म्हणजे साधारण १५ चौरस मीटर. नुसती गाडी लावायची तर एखाद-दोन ट्यूब पुरतात. बसून काम करायचं तर ३०० लक्स तरी हवेत (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पडणारे लुमेन), म्हणजे कामाच्या जागेवर साडेचार हजार लुमेन. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि धूळ निम्मा उजेड खातात असं धरा, म्हणजे दिव्यांतून नऊ हजार निघाले पाहिजेत. ३६ वॅटची साधी ट्यूब सुमारे अडीच हजार देते, ट्रायफॉस्फर (आतल्या पांढऱ्या लेपात तीन प्रकारचं फॉस्फर असलेली) तीन हजारांच्या वर, २० वॅटची एलईडी पट्टी दोन हजारांच्या आसपास. म्हणजे प्रकारानुसार तीन ते पाच. भिंतींना आणि छताला पांढरा रंग दिला तर एक पट्टी सहज वाचते, आणि रंग आधी द्यावा, पट्ट्या नंतर ठोकाव्यात. हे उलट्या क्रमाने करणारे पुष्कळ आहेत.

ट्यूबवर ७६५, ८६५, ८४० असा आकडा छापलेला असतो, तो वाचा. पहिला अंक रंग किती खरे दिसतात ते सांगतो, पुढचे दोन उजेडाचा रंग: ६५ म्हणजे ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा, ४० म्हणजे ४००० केल्व्हिनचा. गाडीच्या ओरखड्यावर टच-अप करायचा असेल तर ८ ने सुरू होणारीच घ्या. ७६५ खाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो.

आता नवी फ्लुरोसंट पट्टी विकत घेणं

ही चूकच म्हणायला हवी. ट्यूबमध्ये पारा असतो. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी झालेल्या मिनामाटा करारातल्या देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात ठरवलं की साध्या फॉस्फरच्या लांब ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२६ अखेर थांबवायची, ट्रायफॉस्फरची २०२७ अखेर. भारत या करारात आहे. चालू पट्टी चालवा, पण नव्या गॅरेजात तांब्याचा चोक (ट्यूबचा करंट आवरणारी जड डबी) बसवू नका. तसाही तो स्वतःच दहाएक वॅट खातो.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब घालताना मात्र सावध. काहींना फेज (करंट आणणारी वायर) एका टोकाला आणि न्यूट्रल (परतीची वायर) दुसऱ्या टोकाला लागतो, काहींना दोन्ही एकाच टोकाच्या दोन पिनांवर. दुसऱ्या प्रकारातल्या काही ट्यूबांच्या उरलेल्या टोकाच्या दोन्ही पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, उलटी बसवली की सरळ शॉर्ट. पहिल्या प्रकारात एक टोक होल्डरमध्ये आणि दुसरं हातात असताना त्या हातातल्या पिनेवर करंट येऊ शकतो. म्हणून नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी पाडा. चोक ठेवायचा की काढायचा हे खोक्यावरच्या आकृतीवरून ठरवा, दुकानदाराच्या "चालतंय हो" वरून नव्हे.

स्विच न्यूट्रलमध्ये, न्यूट्रल उसना

गॅरेज बहुधा घरानंतर बांधलं जातं आणि त्याची लाइन पोर्चच्या दिव्यावरून ओढली जाते. त्यात स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये येतो. दिवा लागतो, विझतो, कुणाला शंका येत नाही. पण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज हजर असतो, आणि ट्यूब बदलायला चढलेल्याला तो कळतो. एलईडी असेल तर ती रात्री बंद असूनही मिणमिणते. मिणमिणण्याला बटणातला छोटा इंडिकेटर किंवा पाइपातून लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या वायराही कारण असू शकतात. म्हणून बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावा. तो लागला तर स्विचची वायर तपासून घ्यायलाच हवी.

दुसरा प्रकार जास्त छळतो. फेज इन्व्हर्टरच्या लाइनचा आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून दुसऱ्या सर्किटचा. आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारं उपकरण) बाहेर गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तुलना करतो. परतीचा करंट भलत्याच वाटेने गेला तर त्याच्या लेखी ती गळतीच. २० वॅटची पट्टीसुद्धा ८७ मिलिअँपियरच्या आसपास घेते आणि घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपियरचा. म्हणून गॅरेजची ट्यूब लावली की अख्ख्या घराची लाइट जाते. लोक मग आरसीसीबीच काढून टाकतात! तो आपलं काम चोख करत असतो. ज्या सर्किटचा फेज, त्याच सर्किटचा न्यूट्रल, एवढंच करायचं असतं.

बाकी नेहमीचं: दीड चौरस मिमी तांब्याची वायर, ६ अँपियरची एमसीबी, पत्र्याच्या पट्टीला हिरव्या वायरीने अर्थिंग, आणि जोड असतील तर पिळून टेप गुंडाळलेले नकोत, कनेक्टरमध्ये हवेत. एका लाइट सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट ही मर्यादा. ग्राइंडर आणि एअर कॉम्प्रेसर तिच्यावर चालवायचे नाहीत, त्यांची लाइन वेगळी.

ट्यूब लागत नाही तेव्हा

आधी ट्यूब होल्डरमध्ये फिरवून नीट बसवा. कोकणात किंवा कोल्हापूरकडच्या पावसात होल्डरच्या पितळी पट्ट्या इतक्या काळ्या पडतात की निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

दोन्ही टोकं लाल आणि मध्ये अंधार असेल तर स्टार्टर (ट्यूब पेटवून देणारी छोटी डबी) चिकटलाय किंवा त्यातला छोटा कपॅसिटर शॉर्ट झालाय. स्टार्टर फिरवून काढा. काढताक्षणी ट्यूब लागली तर निदान पक्कं. तशीच रात्रभर ठेवली तर फिलामेंट (टोकांतल्या बारीक तारा) झिजतात आणि चोक तापतो. नुसती लुकलुकत असेल तर टोकं पाहा. काळी पडली असतील तर ट्यूब संपली. स्वच्छ असतील तर स्टार्टर, आणि संध्याकाळीच त्रास होत असेल तर व्होल्टेज. अजिबात हालचाल नसेल तर मल्टिमीटरने प्रत्येक टोकाच्या दोन पिनांमध्ये पाहा, काही ओहम दाखवायला हवेत. चोक-स्टार्टरच्या जोडणीत करंट दोन्ही फिलामेंटमधून जातो, एक तुटलं की सगळंच ठप्प. गुणगुणणाऱ्या चोकचे स्क्रू आवळा, पण जळका वास आला तर तो बदलाच.

ड्रिल किंवा ग्राइंडर वापरणाऱ्यांनी तांब्याच्या चोकची एकच ट्यूब ठेवू नये. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर तिचा उजेड सेकंदाला १०० वेळा मंदावतो, आणि ठरावीक वेगाला फिरती चकती थांबल्यासारखी किंवा हळू फिरतेय अशी दिसते. इलेक्ट्रॉनिक चोक वीस हजार हर्ट्झच्या वर चालतो, त्यात हा धोका राहत नाही. स्वस्त एलईडीतही झगमग असू शकते. मोबाइलचा कॅमेरा धरला की पट्टे सरकताना दिसतात.

खड्ड्यात उतरून गाडीखाली काम करायचं तर २३० व्होल्टचा लोंबता दिवा नेऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यातच साचते, आणि फुटका बल्ब किंवा प्लगची ठिणगी पुरते. चार्जिंगचा सीलबंद दिवा वापरा.

ट्यूब फुटली तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, पाऱ्याची वाफ पसरते. शटर उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा, काचा जाड कागदाने गोळा करा, उरलेली भुकटी ओल्या कपड्याने पुसा आणि सगळं झाकणाच्या डब्यात घाला. जुन्या ट्यूबही ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०१६ पासून त्या ई-कचऱ्याच्या नियमांत आहेत, त्यामुळे महापालिकेच्या ई-कचरा संकलनातच द्या.